कोंबडा, ड्रोन आणि कॉलर माईक

गोव्यातल्या आमच्या धारगळात मोबाइल सरळ धरता येणाऱ्या माणसाला सुट्टी नाही. दशावतार असो, भजनी सप्ताह असो, नाहीतर कुणाच्या घरची चवथीची माटोळी, ‘मास्तर, इल्लें शूटिंग करात हां’ ही हाक ठरलेली. ही कीर्ती शेवटी वाड्यावरच्या कपेलापर्यंत, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघरापर्यंत गेली. वाड्यावरची अर्धी माणसं कुवेतला, बोटीवर आणि इंग्लंडातल्या स्विंडनला पांगलेली. त्यांच्यासाठी आणि मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या इथल्या पोरांसाठी फादरना लहान लहान व्हिडिओ करायचे होते. बजेटचं विचारलं तर म्हणाले, ‘देव पळयतलो.’

घरी शंका निघाली की, भजनाला टाळ धरणाऱ्याने येशूचे व्हिडिओ करावेत का? मी दादासाहेब फाळक्यांना साक्षीला बोलावलं. त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, तेव्हा कुठे आपला कृष्ण पडद्यावर आणायचा ध्यास त्यांना लागला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला. उसनवारी आमच्याकडून फिटायची होती, ती एका धारगळकराने थोडीफार फेडली तर बिघडलं कुठे? शिवाय कमी खर्चाच्या चित्रपटाचे आद्य गुरूही तेच. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी त्याच्यासमोर कॅमेरा ठेवला आणि एकेक चौकट टिपत रोप वाढताना दाखवलं. नट नाही, पोशाख नाही, वाटाण्याला मानधनही नाही.

आमच्या बैठकीत मात्र वाटाण्यावर कोणी समाधानी नव्हतं. सगळ्यांना ड्रोन हवा होता. कपेल वरून, खुरीस म्हणजे क्रूस वरून, माडांच्या शेंड्यांवरून सूर्यास्त. लग्नाच्या व्हिडिओंनी माणसाची दृष्टी अशी घारीची केली आहे. सुदैवाने जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि आमचं आकाश सरकारजमा झालं. विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंत लाल पट्टा, तिथे केंद्राची परवानगी. त्यापलीकडे पिवळा, तिथे नियंत्रण कक्षाची. हे ऐकल्यावर बोटीवरून सुट्टीला आलेला एक तारवटी म्हणाला, ‘मग माडार चडून काडूंया.’ माडावर चढणार कोण, यावर बैठक संपली.

खरी अडचण जमिनीवरच होती. चित्र जरा अंधारलं तरी लोक चालवून घेतात. आवाज घुमला की बोट लगेच पुढच्या व्हिडिओवर. आवाजाचं महत्त्व आम्हांला कोणी शिकवायला नको, २०२४ च्या डिसेंबरअखेरीला सनबर्न हा दणदणाटी संगीत महोत्सव आमच्याच गावात झाला होता. कपेलात फादर बोलले की विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू यायचे. मागची खोली घेतली. एका मावशीने घरातल्या गोधड्या आणल्या, त्या भिंतींवर टांगल्या. फादरना खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि झग्याला कॉलर माईक अडकवला. गोधड्यांमध्ये बसलेले फादर बाळंतिणीच्या खोलीत चुकून शिरल्यासारखे दिसत होते, पण शब्दन् शब्द स्वच्छ.

पवित्र सप्ताह जवळ आलेला. येशूचा शिष्य पेद्रू आपल्या गुरूला तीनदा नाकारतो आणि मग कोंबडा आरवतो, तो प्रसंग फादर सांगत होते. हमरस्त्यावरचा ट्रक जाऊ दिला, पाववाल्या पोदेराचा पोंपों जाऊ दिला, विमान जाऊ दिलं. पेद्रू अंगणात येऊन शेकोटीला बसतो न बसतो, तोच कुंपणावरून मावशीचा कोंबडा ठणठणीत आरवला. पेद्रूने अजून एकदाही नाकारलं नव्हतं! मावशी धावली, ‘चूप रे मेल्या!’ तेही माईकने इमानाने टिपलं. मी कात्री चालवणार, तोच फादर म्हणाले, ‘मास्तर, कोंबो दवरात. तो तरी वेळेआदीं जागो जाला.’ तो व्हिडिओ स्विंडनला पोचला. प्रवचनाबद्दल कोणी काही लिहिलं नाही, कोंबडा कोणाचा याची मात्र आस्थेने चौकशी झाली.

पार्श्वसंगीत मी नेटवरून घ्यायचं नाहीच असं ठरवलं. मालकी हक्काचा दावा येऊन व्हिडिओ मुका होतो. वाड्यावर वाजवायला घुमट होता. तो आमच्या आरतीलाही चालतो आणि त्यांच्या मांडोलाही. २०१९ पासून तर राज्याचं वारसावाद्य.

लांबीवरून मात्र वाद झाला. फादरना वीस मिनिटं हवी होती. त्यांचा आधार भक्कम: फादर स्टीफन्स. इंग्लंडातून आलेल्या या माणसाने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ साली राशोलला छापलं. ओव्या जवळजवळ अकरा हजार, आणि लोक ऐकत होते. मी म्हटलं, फादर, त्या लोकांच्या हातात मोबाइल नव्हता. दीड मिनिटावर तडजोड झाली. गमतीची गोष्ट म्हणजे आमचा सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ त्याहून लहान आहे. त्यात तीच मावशी खुरसासमोर फुलं वाहत, लहानपणी लादिनीला, म्हणजे खुरसापुढच्या प्रार्थनेला, मिळायचे ते उकडलेले चणे किती खारट असायचे, एवढंच सांगते.

तेव्हा तुमच्या देवळात किंवा इगर्जेत कोणी ड्रोनचा ठराव मांडला, तर त्यालाच कॉलर माईक आणायला पिटाळा. आमच्याकडून म्हापशाला बस भरपूर आहेत.