पैसे कोनाचे चालले?

मलकापुरात फोनवरचं बोलणं जरा लांबलं की पलीकडून प्रश्न येतोच, "पैसे कोनाचे चालले?" आता पॅक मारला की बोलणं अमर्याद झालं, मिनिटं मोजायचं कारण उरलं नाही, तरी प्रश्न शाबूत आहे. "माझे" असं उत्तर मिळालं की विचारणारा खुर्ची ओढून बसतो. "तुमचेच" असं मिळालं की त्याला एकदम गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं.

या सवयीला मी नावं ठेवत नाही. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चापायी निजामाकडे इंग्रजांची थकबाकी साचली आणि 1853 मध्ये तिच्यापोटी आमच्या मलकापुरासकट अख्खा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. फौज वापरली कोणी, बिल आलं कोणाच्या नावावर आणि मुलूख गेला कोणाचा! ज्या भागाची एका थकीत बिलात अशी वसुली झाली, तिथल्या माणसानं मीटरवर डोळा ठेवला तर त्यात नवल काय?

आमचे नाना, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, हे या मीटरशास्त्रातले जाणकार. पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथचा जमाना त्यांनी गाजवला. त्या काळात रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून गावातली सगळी महत्त्वाची सुखदुःखं जेवणं आटोपल्यावर रांगेत उभी राहायची. नाना काचेच्या खोक्यात शिरायचे, लाल आकडे पळायला लागले की एका दमात म्हणायचे, "आम्ही बरे, तुमी बरे, पोरगी पसंत, ठिवतो." पोरगी कोणाची, पसंत कोणाला, हे पत्रानं कळायचं.

पुढे मोबाइल आला. सुरुवातीला आलेला फोन उचलायचेही पैसे पडत. दुसऱ्यानं आपल्याला फोन करायचा, बोलायचं त्यानं, आणि पैसे आपले! नानांनी मोबाइल या वस्तूवर बहिष्कारच टाकला. मे 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि नानांनी पहिला हँडसेट घेतला तो फक्त ऐकण्यासाठी. स्वतःला काही सांगायचं असेल तर मिस्ड कॉल. त्यांची लिपी ठरलेली होती. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेसनं येतोय, स्टेशनवर स्कूटर घेऊन ये. तीन म्हणजे गाडी लेट आहे. चौथी रिंग वाजली की समजायचं, नाना खरंच संकटात आहेत, कारण चौथ्या रिंगपर्यंत समोरचा फोन उचलण्याचा धोका असतो.

ही विद्या मलकापूरची, पण कीर्ती दुसऱ्यांनी नेली. 2011 मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनाला लोकांनी मिस्ड कॉल देऊन पाठिंबा कळवला. बेंगळुरूत झिपडायल नावाची कंपनी निघाली, तिचा धंदाच मिस्ड कॉलचा. जानेवारी 2015 मध्ये ती थेट ट्विटरनं विकत घेतली. नानांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ पेपरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आपन नुसत्या रिंगा वाजवून राह्यलो."

असा हा माणूस. गेल्या हंगामात त्यांच्या कपाशीवर ऐन फवारणीत बॅटरीचा पंप बंद पडला. पंप नवा, वॉरंटी शिल्लक, आणि खोक्यावर 1800 ने सुरू होणारा टोल फ्री नंबर. मी म्हटलं, नाना, इथे लावा, फुकट आहे. नानांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. त्यांच्या माळ्यावर एका जुन्या पंख्याचं खोकं आहे, त्यावरही फुकटचा नंबर आहे, पण खाली बारीक अक्षरात छापलंय : फक्त बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या लँडलाइनवरून.

नाना चुकीचे नव्हते, फक्त जुने होते. एके काळी हे नंबर 1600 ने सुरू व्हायचे, नंतर 1800 झाले. ज्या कंपनीच्या जाळ्यातला नंबर, त्याच जाळ्यातून तो लागायचा. खासगी मोबाइलवाल्यानं लावला की रेकॉर्डवरच्या ताई सांगायच्या, हा नंबर अस्तित्वात नाही. तुम्ही खोक्याकडे बघताय, नंबर डोळ्यांसमोर आहे, आणि तो अस्तित्वात नाही! भांडण एवढंच की एका कंपनीच्या ग्राहकानं दुसऱ्या कंपनीचा फुकट नंबर लावला तर मधल्या वाटेचे पैसे कोणी कोणाला द्यायचे. म्हणजे तोच आमचा मलकापुरी प्रश्न. शेवटी 2006 मध्ये ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाला त्यासाठी वेगळे नियम काढावे लागले. आज 1800 मोबाइलवरूनही फुकट लागतो, आणि सगळा खर्च ज्याचा नंबर आहे त्याच्या माथी. गंमत म्हणजे टाकून दिलेला 1600 आता उलट्या दिशेनं परत आलाय. 2024 पासून दूरसंचार खात्यानं तो बँका-विमावाल्यांनी आपल्याला फोन करण्यासाठी राखला आहे.

यात आपण एकटे मागासलेले होतो असं मानायचं कारण नाही. अमेरिकेत 800 चे नंबर 1967 पासून आहेत. इंग्लंडात 0800 लँडलाइनवरून फुकट होता, पण मोबाइलवरून लावला की पैसे कापले जात. ते बंद झालं 1 जुलै 2015 ला, तिथल्या ऑफकॉम या नियामकानं सांगितल्यावर. लेस्टरला राहणाऱ्या माझ्या पुतणीनं हे नानांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "इंग्रजायनं आपल्यावर एवढे वर्षं राज्य केलं," ते म्हणाले, "अन् त्यायले फुकटचा फोन फुकट देता नाई आला!" वऱ्हाडाचा हिशोब त्यांच्यापुरता त्या दिवशी बराच फिटला.

तर नानांनी अखेर 1800 लावला. हिंदीसाठी 1, इंग्रजीसाठी 2, मराठीसाठी बऱ्याच खालचा आकडा. मग बासरी. मग "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मग पुन्हा बासरी. थोड्या वेळानं नाना वैतागले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "राहू द्या चालू. याचं मिनिटागणिक बिल कंपनीला येतं."

"म्हंजे हे बासरी वाजून राह्यली, तिचे पैसे कंपनीचे?"

"हो."

"आपन जेवढा वेळ ऐकू तेवढे?"

"हो."

नानांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिली नव्हती. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला आणि शेताकडे निघाले. "मिनिटाले रुपया जरी धरला," ते बांधावरून मला समजावत होते, "तरी पंपाची अर्धी किंमत आपन दिवाळीच्या आत काढून घेतो." निंदणीच्या बायांना आधी वाटलं नाना भजनी लागले. मग त्यातल्या एकीला ती चाल पाठ झाली आणि ती बासरीच्या पुढे जाऊन गुणगुणू लागली. पुढचे काही दिवस हाच क्रम. सकाळची न्याहारी झाली की फोन लावायचा आणि कंपनीला शेतभर फिरवून आणायचं. कोणी विचारलं की नाना खिशावर थाप मारायचे, "मीटर चालू हाये. माह्यं नाई, त्यायचं."

आणि एक दिवस भलतंच झालं. फोन उचलला गेला. पलीकडून गोड आवाजात "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" असं आलं. नाना दचकले आणि रागावले.

"तुमी काहून उचलला?"

"सर, आपण कॉल केला होता."

"केला होता, पन आत्ता काय घाई होती? ठिवा होल्डवर."

मुलीच्या प्रशिक्षणात बहुधा हे नव्हतं. होल्डवर ठेवल्याबद्दल रागावणारे तिनं पाहिले असतील, होल्डवरून काढल्याबद्दल रागावणारा हा पहिलाच. तिनं कशीबशी तक्रार नोंदवली : नाव, पंप, गाव मलकापूर, जवळची खूण हायवेलगत. मेकॅनिक फोन करतील, म्हणाली.

मेकॅनिकचा फोन आला तो दुपारी, त्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून. नानांनी आधी खात्री करून घेतली की पैसे त्याचे चालले आहेत. मग निवांत बसले.

"आवो, मी मलकापुरात आलोय. कुठं आलं घर तुमचं?"

"हायवेले लागून हाये ना."

"हायवेलाच हुबा आहे की मी."

"मंग दिसन तुले. बाजूनं कपाशी."

"कपाशी कुठली? ऊस आहे सगळा."

"ऊस?" नाना उठून दारात गेले आणि त्यांनी उसासाठी क्षितिज तपासलं. "आमच्या इथी ऊस कुठून आला बापू? तू रेल्वेचं फाटक ओलांडलं का?"

"फाटक न्हाई, पूल हाय."

बराच वेळ हे चाललं. दोघंही मलकापुरात होते, दोघंही राष्ट्रीय महामार्गाला लागून होते, दोघांचाही पिनकोड 4 नं सुरू होतो. फक्त मेकॅनिक पुणे–बेंगळुरू रस्त्यावरच्या, कऱ्हाडला चिकटलेल्या मलकापुरात उभा होता, आणि नाना मुंबई–हावडा रेल्वेमार्गावरच्या, नळगंगेच्या मलकापुरात. मध्ये पाचशेहून जास्त किलोमीटर महाराष्ट्र. शाहूवाडीकडे, कोल्हापूर जिल्ह्यात, आणखी एक मलकापूर आहे; तिथे कोणी पाठवला नाही हे आमचं नशीब. मी नानांच्या हातून फोन घेऊन खुलासा करायला निघालो तर त्यांनी हात झटकला. "सापडू दे त्याले हळूहळू. इनकमिंग हाये."

पंप शेवटी खामगावच्या एका दुकानात दुरुस्त झाला, रोख पैसे देऊन. पण नानांना विजय वाटत होता, आणि विजयात माणूस गाफील होतो. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुठल्या कंपनीकडे त्यांचं काम निघालं. नंबर 1860 चा. नानांच्या लेखी 1800 काय नि 1860 काय, साठचाच फरक. न्याहारी, स्पीकर, खिसा, शेत. इथली बासरी वेगळी होती, सतार होती म्हणा ना. दुपारी सतार मध्येच तुटली. नानांचा साधा बटणांचा फोन, त्यात मोजका टॉकटाइम भरलेला. शिल्लक पाहिली तर पैशांत.

नाना माझ्याकडे आले ते एखाद्यानं विहीर चोरल्याची तक्रार घेऊन यावं तसे. त्यांना सांगितलं की 1860 फुकट नसतो. लावणाऱ्याला लोकल कॉलचा दर पडतो, उरलेला भार कंपनी उचलते. आपल्या पॅकमध्ये तो बसतो की वेगळा कापला जातो, हे पॅकच्या बारीक अक्षरांत शोधावं लागतं.

नानांनी डोळे मिटून विचार केला. "म्हंजे 1860 बटईनं हाये."

मी इतकी वर्षं वर्तमानपत्रांतून या नंबरांबद्दल वाचतोय, पण कोणी इतकं स्वच्छ समजावलेलं नाही. नानांना लागलेला घोर पैशांचा नव्हता. "बटई करायची तं आधी बोलनं होते," ते म्हणाले. "कोनाचं बियानं, कोनाची खतं, सारं ठरते. इथं मले न इचारता वाटा लावला!" खोक्यावर 1860 शेजारी 'अर्धे तुमचे' असं छापायला कंपन्यांना शाई कमी पडत नसावी. पण ग्राहकानं पहिल्या दोन आकड्यांकडे बघून फुकट समजावं आणि शांतपणे सतार ऐकावी, अशीच सोय दिसते.

त्यानंतर नाना फोनच्या बाबतीत हळवे झाले. कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी दिसली तेव्हा मी त्यांना किसान कॉल सेंटरचा नंबर दिला, 1800-180-1551. जानेवारी 2004 पासून चालू आहे, सकाळी सहा ते रात्री दहा, कृषी शिकलेली माणसं मराठीत उत्तर देतात. नानांनी पहिले चार आकडे तीनतीनदा वाचून घेतले. साठ नाही याची खात्री पटल्यावर शेवटचा प्रश्न आला.

"पैसे कोनाचे चालले?"

"केंद्र सरकारचे."

"सरकारचे म्हंजे कोनाचे?"

"आपल्या करातून येतात."

"मी तं टॅक्स भरत नाई."

"फवारणीच्या औषधावर 18 टक्के जीएसटी देता ना."

नाना गप्प झाले. म्हणजे पलीकडचं मीटर आपलंच. त्यांनी फोन लावला, तो चटकन उचलला गेला, आणि एसटीडी बूथमधले नाना इतक्या वर्षांनी जागे झाले. "कपाशी, दोन एकर, गुलाबी बोंडअळी, औषध सांगा."

पलीकडचा माणूस सावकाशीचा होता. म्हणाला, काका, आधी सांगा, कामगंध सापळे लावलेत का? एकरी दोन तरी हवेत. किती पतंग सापडतात त्यावर ठरवू. पेरणी कधीची? आधी कोणती फवारणी झाली?

"भाऊ, लवकर बोला, पैसे चालून राह्यले."

"काका, हा कॉल फुकट आहे."

"तुमाले वाटते," असं म्हणून नानांनी देशाचे पैसे वाचवायला फोन कापला. औषधाचं नाव पलीकडेच राहिलं.

मग साहजिकच पुन्हा लावावा लागला. या वेळी बाई होत्या, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली : नाव, गाव, तालुका.

"मलकापूर," नाना घाईघाईनं म्हणाले. "बुलढान्याचं. कऱ्हाडचं नाई, तिथं ऊस हाये. लिहा पटकन."