शोभेची घसरगुंडी

मुंबईतील दीड खोलीचा संसार आवरून, केवळ मुलांच्या पायांना चार हात मोकळी जमीन लाभावी एवढ्याच उदात्त हेतूने कल्याणपलीकडे बिऱ्हाड हलवू पाहणाऱ्या सद्गृहस्थांना आमची नम्र विनंती आहे, की त्यांनी माहितीपत्रकातील चित्रे पाहण्यापूर्वी आवारातील फलक वाचावेत. परवा अशाच एका नव्या कोऱ्या गृहसंकुलात आम्हांस एका पिवळ्या घसरगुंडीचे दर्शन घडले. तिच्या शिडीला साखळी होती, साखळीला कुलूप होते, आणि शेजारच्या पत्र्यावर ठळक अक्षरांत मजकूर होता : ‘मुलांनी येथे खेळू नये. हुकमावरून.’

घसरगुंडीवर मुलांनी खेळू नये, तर कोणी खेळावे, हा प्रश्न आम्ही जागा दाखविणाऱ्या तरुणास अत्यंत अदबीने विचारला. “साहेब, ॲमेनिटी बिल्डरने दिलेली आहे,” तो तितक्याच अदबीने उत्तरला, “वापराचं सोसायटी ठरवते.”

या उत्तराने आमचे अज्ञान तत्काळ दूर झाले. घसरगुंडी ही घसरण्यासाठी नसून माहितीपत्रकात छापण्यासाठी असते, आणि छापून झाल्यावर तिचे अवतारकार्य समाप्त होते. बदलापूरहून पहाटेची लोकल धरून सव्वा-दीड तास लोंबकळत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठणारा आणि रात्री मुले निजल्यावर घरी परतणारा पिता तिला चित्रातच पाहतो. त्याच्या अपत्यांनी तरी तिला चित्रातच पाहावे, यात समान न्याय आहे.

तथापि सोसायटीच्या कार्यकारिणीस निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. कुलूप रोज सायंकाळी पाच ते सहा उघडण्याची तजवीज आहे. मात्र त्या मुदतीत दहा वर्षांवरील मुलांस मज्जाव आहे, चेंडूस बंदी आहे, सायकलीस प्रवेश नाही, हिरवळीवर पाय ठेवल्यास दंड आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या विश्रांतीत व्यत्यय येऊ नये म्हणून आरडाओरडा करण्यास सक्त मनाई आहे. म्हणजे नऊ वर्षांच्या बालकाने हिरवळ टाळून, रिकाम्या हातांनी, मौन पाळून घसरगुंडीवर चढावे, निःशब्दपणे खाली यावे, आणि पुढील बालकाने तोच विधी त्याच गांभीर्याने पार पाडावा, अशी एकंदर व्यवस्था आहे. हिला खेळ म्हणण्यापेक्षा दशक्रियेची रांग म्हणणे अधिक सयुक्तिक. शिवाय ज्यांच्यासाठी ही तासाभराची सवलत, ती मुले पाच वाजता शाळेच्या बसमध्ये असतात आणि सहा वाजता क्लासला. सबब कुलूप उघडले काय आणि न उघडले काय, तक्रार येत नाही, आणि तक्रार येत नाही म्हणून नियम उत्तम चालला आहे, असे वार्षिक सभेच्या इतिवृत्तात नमूद होते.

राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. बालहक्कांच्या 1989 च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यातील 31 वे कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करते, आणि 1992 साली भारताने तो करारनामा स्वीकारला आहे. सोसायटीचे सचिव मात्र अद्याप विचार करीत आहेत.

आणि हा सारा बंदोबस्त कशासाठी, तर मोटारींसाठी! प्रत्येक वाहनास अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब अशी हक्काची चौकट, वर छप्पर, भिंतीवर सदनिकेचा क्रमांक. मोटारीच्या अंगावर चेंडूचा ओरखडा उठला, तर रात्री दहाला व्हॉट्सॲपवर चौकशी समिती बसते. जी वस्तू आठवड्यातून सहा दिवस जागची हलत नाही, तिला साडेबारा चौरस मीटर, आणि ज्याला क्षणभर स्वस्थ बसवत नाही, त्या पोराला आवारात उभे राहण्यापुरतीही जागा नाही. आम्ही विनोद करावयास बसलो होतो, पण खरे सांगावयाचे तर या ठिकाणी आमची लेखणी संतापते. मुलांच्या नावाने वीस-वीस वर्षांचे कर्ज काढावयाचे, मुलांच्या नावाने आईवडिलांनी आयुष्यातील उत्तम तास लोकलच्या दारात घालवावयाचे, आणि अखेर त्याच मुलांना, “खाली गलका करू नका, वर या, मोबाइल घेऊन बसा,” असे गॅलरीतून दटावावयाचे, या वेडेपणास कोणत्या कायद्यात शिक्षा आहे, याचा शोध जाणकारांनी घ्यावा.

शाळा पाहाल, पाण्याच्या टँकरची विचारपूस कराल, स्थानकाचे अंतर स्वतःच्या पायांनी मोजाल. ते सर्व अवश्य करा. परंतु एजंट बोलावील त्या रविवारी सकाळी जाऊ नका. सुट्टीच्या दिवसांत, एखाद्या कामाच्या वारी, सायंकाळी सहाला न कळवता जा. आवार चिडीचूप असेल, तर चहाही न घेता परता. आणि तळमजल्याची एक तरी काच चेंडूने फुटलेली आढळली, तर जागेवरच इसार द्या.