इथे टॅक्सी येत नाही

हॅम्बुर्गच्या पश्चिमेला, एल्ब नदीच्या काठी ब्लांकेनेझे नावाचं उपनगर आहे. तिथे बडी मंडळी राहतात असं ऐकून होतो आणि ते खरंही आहे. पण या बड्या मंडळींपैकी निम्म्यांना स्वतःच्या गाडीतून स्वतःच्या दारात उतरता येत नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं. उतारावरच्या या जुन्या कोळीवाड्यात रस्ते नावापुरतेच, बाकी सगळ्या पायऱ्या. लोक आकडा 5 हजारांच्या आसपास सांगतात. आपली पर्वती 103 पायऱ्यांत आटोपते, आणि वर गेल्यावर देव तरी भेटतो.

इथे वर रेल्वे स्टेशन भेटतं. म्हणजे घराबाहेर पडायचं तर चढ आणि घरी यायचं तर उतार. त्यामुळे विसरलेली वस्तू आणायला कोणी माघारी फिरत नाही. माझी भाची एकदा छत्री विसरली, तर निमूट भिजत गेली. ती विमानाच्या कारखान्यात नोकरीला आहे. तो कारखाना नदीपलीकडे तिच्या खिडकीतून स्वच्छ दिसतो. मध्ये एल्ब नसती तर डबा विसरल्यावर मी इथूनच हाक मारली असती. राहायला मात्र माळ्यावरच्या दोन खोल्या. वाड्यांची भाडी परवडणारे वेगळे.

पूर्वी या घरांतून कोळी, कप्तान आणि जहाजांना वाट दाखवणारे लोक राहायचे. 1864 पर्यंत हा मुलूख डेन्मार्कच्या राजाकडे होता. 1927 मध्ये गाव शेजारच्या आल्टोनात गेलं आणि दहा वर्षांनी आल्टोनासकट हॅम्बुर्गात. सरकारं बदलली, पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी एक छोटी बस आहे. तिला सगळे प्रेमाने डोंगरशेळी म्हणतात. दोन कुंपणांच्या मधून ती अशी निघते की आतला माणूस आपोआप पोट आत ओढतो. समोरून दुसरी शेळी आली की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना "मॉईन" म्हणतात आणि एक जण शांतपणे मागे जातो. हॉर्न नाही, बाह्या सरसावणं नाही, "दिसत नाही का" नाही. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

रविवारी इथे गवत कापायचं नाही, भिंतीला भोक पाडायचं नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. आवाज होतो. तरी शांतता अशी नसतेच, कारण शहरातून आलेली माणसं दिवसभर धापा टाकत पायऱ्या चढत असतात आणि लोकांच्या बैठकीत डोकावत असतात. खिडक्यांना पडदे बेताचेच. घरमालकीणबाई आत कॉफी पीत बसलेल्या असतात, त्यांना त्याचं काही नाही.

या बाई ऐंशीच्या पुढच्या. सोमवारी सकाळी त्या रिकाम्या बिअरच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन वर निघाल्या. "आजी, मी घेतो," असं मी खुणेनं म्हणालो. भाची मागून पुटपुटली, "मामा, कशाला?" पण तोवर क्रेट माझ्या हातात होता. एका बाटलीची अनामत 8 सेंट, वीस बाटल्यांची 1 युरो 60, रिकाम्या क्रेटची दीड युरो. एकूण 3 युरो 10. पहिल्या वळणावर मला ही रक्कम क्षुल्लक वाटली, दुसऱ्यावर तर मी ती खिशातून द्यायला तयार होतो. आजी पुढे, काठीशिवाय, अधूनमधून थांबून माझी वाट बघत.

दुकानात भिंतीला एक यंत्र. खालच्या फळीवर क्रेट ठेवला की ते अख्खा गिळतं आणि पावती ओकतं. आजींनी पावती चष्म्याखाली धरून नीट वाचली. मग त्यात वरचे पैसे घालून तशाच वीस बाटल्यांचा भरलेला क्रेट घेतला आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या.