संदर्भनाना

संदर्भनाना प्रत्येक सोसायटीत असतात. ते निवृत्त असतात, बहुधा बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून. साखर बेताची, चष्मे दोन आणि मुलाने परदेशी जाताना मागे ठेवलेला एक लॅपटॉप. जिन्यात कुणी सांगितलं की आमचे आजोबा टिळकांच्या मांडीला मांडी लावून बसायचे, तर आपण "वा!" म्हणतो. नाना विचारतात, "कुठे छापून आलंय?"

"अहो, मी त्यांचा सख्खा नातू सांगतोय!"

"म्हणूनच चालत नाही. हितसंबंध आले."

ही भाषा इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशाची. तिथे कुणीही लिहावं, कुणीही खोडावं, पैसे कुणालाच मिळू नयेत, असा कारभार. नाना स्वतःला ज्ञानकोशकार केतकरांचे वारस समजतात. केतकरांना निदान वर्गणीदार तरी होते.

सध्या नानांनी पॅरिसचा एक ऑर्गन बांधणारा दत्तक घेतला आहे. मूळ काम बालगंधर्वांच्या पानावरचा एक स्वल्पविराम काढण्याचं होतं. तो काढून ते नाट्यसंगीतातल्या पायपेटीकडे वळले, तिथून हार्मोनियमकडे. हार्मोनियमचं पेटंट अलेक्सांद्र देबँने १८४२ साली पॅरिसात घेतलं, म्हणून पॅरिसला. आणि रात्री दीडच्या सुमारास ते अरिस्तिद कव्हाये-कोल या गृहस्थांच्या दारात उभे होते. लेख चार ओळींचा. त्यातल्या अडीच ओळी 'थोर', 'अजोड' आणि 'जगद्विख्यात' यांनी अडवलेल्या. जन्मसाल नाही. कुठल्याशा शोकसभेतल्या भाषणावरून उतरवून घेतल्यासारखा मजकूर. नानांनी बाह्या सरसावल्या.

आता भाजीची पिशवी हातात असताना नाना भेटले की आपली पालेभाजी सुकते. माणूस १८११ साली माँपेलिएला जन्मला, बाप आणि आजा दोघेही ऑर्गनच बांधायचे, आणि बाविसाव्या वर्षी या पोराने पॅरिसजवळच्या सँ-देनीच्या मोठ्या ऑर्गनचं काम स्पर्धेत जिंकलं, इथपर्यंत आपण उभ्याउभ्या ऐकतो. मग नाना पिशवी खाली ठेवायला लावतात. "पट्टी दाबली की नळीखालची झडप उघडायला हवी. पण झडपेवर हवेचा दाब असतो. जितक्या नळ्या जोडाल तितकी पट्टी जड. मोठ्या ऑर्गनवर वाजवणाऱ्याचे दंड भरून यायचे. बार्कर नावाच्या इंग्रजाने युक्ती काढली. पट्टीने फक्त एका छोट्या भात्यात हवा सोडायची, तो भाता फुगतो आणि पुढचं ओढकाम तोच करतो. साहेबाने कोंबडा काढायचा, फाइल शिपायाने न्यायची, तसं." या युक्तीला इंग्लंडात कुणी विचारलं नाही, कव्हाये-कोलने ती सँ-देनीत बसवली आणि १८४१ मध्ये तो ऑर्गन वाजता केला. हे सांगताना नानांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते मुलाच्या ग्रीन कार्डाची बातमी सांगतानाही नव्हतं.

"पण नाना, तुम्ही असा ऑर्गन ऐकलाय का कधी?"

"माझ्या ऐकण्याला तिथे स्थान नाही. ते मौलिक संशोधन झालं."

एकदा मात्र त्यांनी सँ-स्युल्पिस चर्चच्या ऑर्गनची चित्रफीत पाहिली. शंभर स्टॉप (म्हणजे नळ्यांचे संच चालू-बंद करणारे खटके), सुमारे सात हजार नळ्या, १८६२ साली पुरा झालेला कव्हाये-कोलचा सर्वांत मोठा पसारा. नानांनी तो आवाज बंद करून पाहिला, कारण काकू झोपल्या होत्या. पट्ट्यांच्या ओळी मोजल्या, पाच भरल्या. पण स्वतः मोजणं हेही संशोधनच, म्हणून पाचाला दुजोरा देणारं फ्रेंच पुस्तक धुंडाळण्यात पुढचा आठवडा गेला.

याच ऑर्गनवर शार्ल-मारी विदोर १८७० मध्ये हंगामी म्हणून रुजू झाले आणि १९३३ च्या अखेरीपर्यंत तिथेच वाजवत राहिले. त्यांना कायम केल्याचा आदेश कधी निघालाच नाही. हे वाचून नाना त्या दिवशी जेवले नाहीत म्हणतात. त्या वाक्याला त्यांनी तीन संदर्भ जोडलेत, आणि माझ्या मते एक अश्रूही. खात्यात बरीच वर्षं हंगामी काढलेल्या माणसालाच त्या वाक्याची धार कळते. वाक्य खरं म्हणजे विदोरच्या पानावर हवं. पण नानांना हे सांगणार कोण?

सांगणारा एक आहे. रात्री बारानंतर येणारा एक निनावी सदस्य. नानांनी काढलेलं 'महान' तो परत घालतो. नाना पुन्हा काढतात. मग चर्चापानावर पत्रव्यवहार. 'माननीय सदस्य, आपल्या मताचा पूर्ण आदर राखून…' सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला कळतं, की याहून जहाल शिवी मराठीत नाही. शेवटी 'महत्त्वाचा' या शब्दावर तह झाला. त्यानंतर आठवडाभर तो सदस्य फिरकला नाही, तेव्हा नानाच बेचैन. "प्रकृती बरी असेल ना त्याची?"

२०१९ मध्ये नोत्र-दामला आग लागली, तेव्हा सगळं जग कोसळणारा मनोरा पाहत होतं. नानांना फक्त ऑर्गनचं कळायला हवं होतं, कारण तोही यांच्याच माणसाने १८६८ मध्ये नव्याने बांधलेला. ऑर्गन वाचला, पण शिशाच्या धुळीने माखला. तो सुटा करून साफ केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा वाजला. लेखातला तो परिच्छेद, खरं सांगतो, उत्तम झालाय. एकही विशेषण नाही आणि तरी वाचताना घसा दाटतो.

गेल्या महिन्यात पुतण्याचं लग्न. मंगलाष्टकं सुरू, हातात अक्षता, आणि नानांचा फोन थरथरला. कुणा शाळकरी पोराने १८११ चं १९११ केलं होतं. कव्हाये-कोल वारले १८९९ मध्ये. म्हणजे बिचारा मेल्यावर बारा वर्षांनी जन्मला. भटजी 'सावधान' म्हणाले, पण नाना आधीच सावधान होते. अक्षता खिशात टाकून त्यांनी दोन्ही अंगठे चालवले आणि मोठा सुस्कारा सोडून म्हणाले, "झाला एकदाचा वेळेवर जन्म!"

पुढच्या रांगेतल्या मावशी गर्रकन वळल्या. "अगो बाई! कुणाकडे? मुलगा की मुलगी?"