बारा डब्यांची उतरंड

मामाने भाच्याला काही दिलं, तर आयकर कायदा ती नातेवाइकाची भेट मानतो. भाच्याने मामाला दिलं, तर मानत नाही. यादी काढून बघा: भाच्याच्या नातेवाइकांत मामा आहे, मामाच्या नातेवाइकांत भाचा नाही. हे कलम ज्यांनी लिहिलं त्यांचे भाचे बरेच हात आखडते असणार. अशा भेटी वर्षाला 50 हजारांच्या आत असल्या की कुणाचं काही देणं लागत नाही, म्हणून तन्मयने माझ्या एकसष्टीला शाल-श्रीफळाबरोबर हजार रुपयांचं बिटकॉइन दिलं तेव्हा मी निर्धास्त होतो. शाल कपाटात गेली, श्रीफळाच्या वड्या झाल्या. बिटकॉइन ठेवायचं कुठे, एवढाच प्रश्न उरला.

"एक्स्चेंजवर आहे तिथेच राहू दे की," मी म्हणालो.

"मामा, तिथे ते तुझ्या हातात नसतं," तो म्हणाला आणि त्याने वझीरएक्सची गोष्ट काढली. जुलै 2024 मध्ये या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि ग्राहकांना स्वतःचेच पैसे काढता येईनात. माझी हयात सहकारी बँकेत गेली, त्यामुळे असल्या गोष्टींनी मी दचकत नाही. पण बँक बुडाली तर निदान ठेव विम्याचे 5 लाखांपर्यंत तरी मिळतात. इथे विमा नाही, प्रशासक नाही, फाटकासमोर उपोषणाला बसावं तर फाटकही नाही. तेव्हा मोबाइलमध्ये स्वतःचं वॉलेट घ्यायचं ठरलं.

मी बँकेत सह्या जुळवायचो. बालपणापासूनच्या मित्राचा चेक 'सही जुळत नाही' म्हणून परत केलाय आणि त्याच संध्याकाळी त्याच्याकडे चहालाही गेलोय. अशा माणसाला या ॲपने नाव विचारलं नाही. पत्ता नाही, फोटो नाही, ओळख देणारा जुना खातेदार नाही. नाव न विचारता दार उघडणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास बसेना. "ही संस्थाच नाही," तन्मय म्हणाला. "बिटकॉइन तुझ्या फोनमध्ये येणारच नाहीये. कुणाकडे किती, याची वही जगभरच्या हजारो संगणकांवर आहे. फोनमध्ये फक्त तुझी सही करायची किल्ली." फोन विहिरीत पडला तरी चालेल, किल्ली पुन्हा घडवण्याचे बारा शब्द आपल्याकडे असले की झालं. ॲपसुद्धा त्याने मला स्टोअरमध्ये शोधू दिलं नाही. हुबेहूब दिसणारी खोटी वॉलेटं असतात आणि शोधल्यावर सगळ्यात वर जे येतं ती बऱ्याचदा जाहिरात असते. ज्यांनी वॉलेट बनवलं त्यांच्याच संकेतस्थळावरच्या दुव्यावरून ते उतरवून घेतलं.

मग तो म्हणाला, "आता कागद-पेन घे आणि मामीला जरा आत जायला सांग."

आमच्या घरात दार लावून बसण्याची दोनच कारणं मान्य आहेत: कुणाला तरी ताप आहे किंवा कुणाचं तरी भांडण झालंय. मी बैठकीच्या खोलीचं दार लावलं तशी ही लगेच थर्मामीटर घेऊन आली. तिला परत पाठवून मी पडद्यावरचे शब्द उतरवले. साधे, चौथी-पाचवीतल्या मुलालाही येतील असे इंग्रजी शब्द. 2013 साली ठरलेल्या 2048 शब्दांच्या यादीतून ते निघतात. यादी 'अबॅन्डन'ने सुरू होते आणि 'झू'वर संपते. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी आहेत, त्यामुळे पुढचं वाचता आलं नाही तरी शब्द ओळखता येतो. माझं हस्ताक्षर पाहूनच ही सोय केली असावी. माझे शब्द कोणते ते मी सांगणार नाही. संपादकांनी मानधन वाढवलं तरी नाही.

फोटो काढायचा नाही, स्वतःलाच व्हॉट्सॲप करायचं नाही, मेलमध्ये ठेवायचं नाही. गॅलरीतले फोटो वाचून असे शब्द हुडकणारी ॲप्स 2025 मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांना चक्क अधिकृत स्टोअरांमध्ये सापडली होती. माझ्या गॅलरीत 'शुभ सकाळ'चे गुलाब इतके आहेत की त्या ॲपला बारा शब्दांपर्यंत पोचायला पुढची दिवाळी उजाडली असती, पण तन्मय धोका पत्करायला तयार नव्हता.

म्हणजे राहिला कागद. आणि मराठी घरात कागद लपवायचा म्हणजे काय, हे बंगळुरूला राहणाऱ्या पोराला कळत नाही. कपाटातल्या साड्यांखाली? तिथे विम्याच्या पावत्या, रेशनकार्ड आणि हिच्या आईने दिलेल्या नोटा आधीच राहतात, आणि घरातल्या प्रत्येकाला त्या तिथे आहेत हे ठाऊक आहे. पुस्तकात? पुस्तकं शेजारी वाचायला नेतात, म्हणजे कायमची नेतात. माळ्यावर? दिवाळीच्या सफाईत माळ्यावरचा प्रत्येक कागद रद्दीवाल्याच्या तराजूत जातो; माझं मॅट्रिकचं प्रमाणपत्र एकदा त्या तराजूतून परत आणलंय. पोथीत ठेवावा तर ही चतुर्मासात पोथी उघडते. मी शब्द उलटसुलट क्रमाने लिहून ठेवायची युक्ती काढली. बारा शब्दांचे क्रम 47 कोटींच्या वर होतात, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. "संगणक ते सगळे पालथे घालेल, मामा," तो म्हणाला. "आणि तू मात्र खरा क्रम विसरशील."

कागद जळतो, भिजतो, त्याला वाळवी लागते, म्हणून जाणते लोक हे शब्द पोलादाच्या पट्टीवर ठोकून ठेवतात, असंही त्याने सांगितलं. हे ऐकून मात्र माझ्या अंगात बळ आलं. स्टीलवर अक्षरं कोरण्यात महाराष्ट्राचा हात कोण धरणार? आमच्या घरातल्या प्रत्येक वाटीवर कुणाचं तरी नाव आहे, आणि निम्म्या वाट्यांवर ते आमचं नाही. मी तिथल्या तिथे बेत आखला. तुळशीबागेत जायचं, एकात एक बसणाऱ्या डब्यांचा बाराचा संच घ्यायचा, दुकानातल्या नावं घालणाऱ्याकडून एकेका डब्यावर एकेक शब्द घालून घ्यायचा. सगळ्यात मोठा डबा पहिला शब्द, सगळ्यात लहान बारावा. क्रम विसरायची भीतीच नाही, डबे चुकीच्या क्रमाने एकात एक बसतच नाहीत! चोर आला तर फडताळातली उतरंड बघून पुढे जाईल.

तन्मय बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "नावं घालणाऱ्याला शब्द कळतील त्याचं काय?" हे खरं होतं. मदतीला बोलावलेल्या माणसाचं काय घ्या. बिटकॉइनच्या एका मोठ्या फसवणुकीच्या तपासात पुणे पोलिसांनी ज्यांची मदत घेतली होती त्या दोन तज्ज्ञांनाच 2022 मध्ये अटक झाली, जप्तीतली क्रिप्टो परस्पर वळवल्याच्या आरोपावरून. पण डब्यांचा बेत खरा फसला तो हिच्यामुळे. शब्द न सांगता नुसती कल्पना मांडली, तर ही म्हणाली, "संक्रांतीला त्यातला एखादा डबा तिळगूळ घालून शेजारी जाणारच." आणि शेजारी गेलेला डबा परत येत नाही. एक डबा गेला तर तसं बिघडत नाही म्हणे. शब्दांचा आपसात ताळा असतो, त्यामुळे हरवलेल्या जागी 2048 पैकी साधारण 128 शब्दच बसतात आणि ते तपासून बघता येतात. पण आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत.

अखेर पट्टी मी स्वतःच ठोकली, खिळा आणि हातोडी घेऊन, भर दुपारी. कुठे ठेवली आहे ते हिलाही माहीत नाही, आणि आमच्या संसारात हे पहिल्यांदाच घडतंय.

तालीम मात्र करायला लागली. हजारच रुपये आहेत तोवर वॉलेट मुद्दाम पुसायचं आणि शब्दांवरून परत आणायचं, म्हणजे शब्द बरोबर उतरलेत का ते कळतं. मी ॲप काढून टाकलं. ही शेजारी उभी. "गेले?" "येतील." "बँकेत असतास तर असं कुणाला करू दिलं असतंस?" मी उत्तर दिलं नाही. बारा शब्द एकेक करून भरले आणि शिल्लक दिसली. मी पंखा वाढवला.

माझा खरा जीव अडकला होता तो नॉमिनीत. बँकेत नॉमिनीचा रकाना रिकामा दिसला की माझा रक्तदाब वाढायचा. इथे रकानाच नाही. क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातल्या एक्स्चेंजचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर 2018 मध्ये आपल्या जयपुरात वारला. किल्ल्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या, असं कंपनीने सांगितलं आणि हजारो ग्राहकांचे पैसे अडकले. पुढे चौकशीत निघालं की कुलपामागे फारसं काही नव्हतंच, त्याने ते आधीच उधळले होते. म्हणून मी एक लिफाफा केला आहे. त्यात शब्द नाहीत. हे काय आहे, कोणतं ॲप, कुणाला विचारायचं आणि पट्टी कशी शोधायची, एवढंच. वर लाखेचा शिक्का. नोव्हेंबर आला की मी जिवंत आहे हे पेन्शनसाठी मला सिद्ध करावं लागतं. वॉलेटला त्याची फिकीर नाही. ज्याच्याकडे शब्द, तो मी.

पैसे पाठवण्यात मात्र म्हातारी माणसं सरस ठरतात, हे मला जाहीरपणे सांगायचंय. पत्ता 42 अक्षरांचा, आणि एकदा पाठवलं की 'स्टॉप पेमेंट'चा अर्ज नाही. तरुण मंडळी पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून बटण दाबतात. चोर नेमका तेवढाच जुळणारा पत्ता तयार करतात आणि एखादी किरकोळ रक्कम पाठवून तो तुमच्या व्यवहारांच्या यादीत आणून ठेवतात. पुढच्या वेळी तुम्ही तिथूनच कॉपी करावा म्हणून. मे 2024 मध्ये एका गृहस्थाचे अशाने सुमारे 6 कोटी 80 लाख डॉलर गेले. पुढे चोरानेच बरेचसे परत केले, पण सगळेच चोर इतके पापभीरू नसतात. मी 42 अक्षरं बोट ठेवून, मोठ्याने वाचून ताडतो, आधी थोडीशी रक्कम पाठवतो, ती पोचल्याचा फोन घेतो, मगच बाकीची. तन्मयला या पद्धतीचा कंटाळा येतो. बँकेतही लोकांना यायचा.

मागच्या आठवड्यात 'वॉलेट सपोर्ट'मधून फोन आला. तन्मयने बजावून ठेवलं होतं, या धंद्यात आपणहून फोन करणारं कस्टमर केअर म्हणजे चोर. पण माणूस अतिशय अदबीने बोलत होता. केवायसी अडकलंय, बारा शब्द सांगा म्हणाला. मी चष्मा शोधायला थोडा वेळ घेतला आणि सांगायला लागलो. पहिला, चैत्र. दुसरा, वैशाख. त्याने स्पेलिंग मागितलं. ज्येष्ठात टी-एच येतो की नुसता टी, यावर आम्ही दोघांनी बराच विचार केला. भाद्रपदाला तो थोडा घुटमळला, पण लिहून घेत राहिला. फाल्गुनापर्यंत आलो तेव्हा त्याच्या आवाजात समाधान होतं. मी म्हटलं, "एक राहिलं. अधिक महिना आला की आमचे तेरा होतात. तुमच्या फॉर्मात तेरावा रकाना आहे का?"

"सर, होल्ड कीजिए," तो म्हणाला, "सीनियर से पूछता हूँ."