शेडवाले काका

शेडवाल्या काकांना एखादी वस्तू कुठे मिळेल, असं कधी विचारू नये. चांगल्या खात्यापित्या घरातल्या पोराने ‘आज बाहेरच जेवतो’ म्हटल्यावर आईचा चेहरा होतो, तसा त्यांचा होतो. “मिळतंय कशाला? करून घेऊ की!” असं म्हणत ते शर्टाच्या खिशातली सहा इंची स्टीलपट्टी बाहेर काढतात. वस्तू अजून समोर नसते. तरी पट्टी बाहेर येते.

हा माणूस बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात हमखास सापडतो. तो एकटा नाही, त्याची जातच आहे. वय सत्तरीच्या आसपास, मूळ गाव बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूर. पत्रिकाही ठरलेली: मेकॅनिकलचा डिप्लोमा, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करमध्ये लेथवर उमेदवारी, मग जलहळ्ळीच्या एच.एम.टी.ला माल पुरवायचा म्हणून पीण्यात घेतलेली शेड. पुढे म्हैसूर किर्लोस्कर बंद पडली, एच.एम.टी.चं घड्याळ थांबलं, शेड मात्र राहिली. आता पुढच्या भागात मुलाची सी.एन.सी. यंत्रं आणि काचेची ए.सी. केबिन आहे. मागच्या कोपऱ्यात काका आणि त्यांचा किर्लोस्करचा टर्नमास्टर लेथ. मुलाने “बाबा, आता आराम करा” असं सांगितलंय. तो आराम काका सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, लेथपाशी उभे राहून करतात.

अशा माणसाला सुख कशात? घरात काही बिघडलं तर थोडं. काही तुटलं तर बरंच. पण एखादा भाग समूळ हरवला, नमुना नाही, ड्रॉईंग नाही, तो बनवणारी कंपनीसुद्धा नाही, असं कळलं की काकांचा रक्तदाब नॉर्मलला येतो.

आमच्या सोसायटीतल्या एका संगणकवाल्या तरुणाने त्यांना हे सुख मिळवून दिलं. त्याने शिडाची होडी घेतली होती. जुनी, वीस फुटी, गाडीमागे ट्रेलरवर ओढून नेता येणारी. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचावरच्या, स्वतःची धड नदी नसलेल्या शहरात माणसाने होडी का घ्यावी, हे मी त्याला विचारलं नाही. अलसूर तलावात मद्रास सॅपर्सचे जवान शिडाच्या होड्या चालवतात, पण तो तलाव त्यांचा. याला कृष्णराजसागराच्या पाण्यावर जायचं होतं. अडचण एकच. होडीची डोलकाठी रस्त्याने नेताना आडवी पाडावी लागते आणि पाण्याशी गेल्यावर उभी करावी लागते. ती उभी करायचं सामान, म्हणजे एक आखूड खांब, तारांच्या दोन जोड्या आणि कप्प्या, आधीच्या मालकाच्या घरबदलीत भंगारात गेलं होतं.

“काका, अमेरिकेतून तयार किट येतं. दीड महिना लागेल, वर कस्टम्स ड्युटी,” तो म्हणाला.

काकांनी खडू घेतला आणि शेडच्या जमिनीवर बसकण मारली.

“हे बघ. काठी सात मीटर, वजन पंचवीस किलो. बुडाशी बिजागरी. काठी मागे आडवी पडलीय. आता तू होडीच्या पुढच्या टोकाला उभा राहून दोरी ओढलीस. काय होईल?”

“उभी राहील.”

“काय नाही होणार! दोरी काठीला जवळपास समांतर. तुझी सगळी ताकद बिजागरी दाबण्यात जाणार, उचलायला शिल्लक काय? म्हणून बुडाशी, काठीशी काटकोनात, हा आखूड खांब. दोरी याच्या टोकाला बांधायची. खांब पुढे खाली येतो, काठी मागून वर जाते.” त्यांनी पावणेदोन मीटरचा खांब काढला, अंतरं मांडली, गुणाकार केला. “सुरुवातीला बासष्ट किलो ओढ. चार पदरी कप्पी लावली की सोळा. घर्षण धरून वीस म्हण. बायकोपण ओढेल.”

“माझं लग्न नाही झालेलं, काका.”

“ते पण बघू की,” काका म्हणाले. हरवलेला भाग कोणताही असो, त्यांचं उत्तर तेच.

हिशेब वीस किलोचा, पण काकांच्या जातीत हिशेब आणि माल यांचा संबंध तेवढ्यापुरताच. चार मिलिमीटरची स्टेनलेस तार आठ-नऊशे किलोला तुटते. तेवढी पुरेशी होती. काकांनी आठ मिलिमीटरची आणली, ती तीन टनांच्या वर जाते. कारण विचारलं तर त्यांनी तुमकुरू रस्त्याकडे बोट दाखवलं. 2021च्या डिसेंबरात पीण्याच्या उड्डाणपुलाच्या पोटातल्या केबल गंजलेल्या निघाल्या आणि पूल वाहतुकीला बंद झाला. तेव्हापासून काका कुठल्याही तारेवर विश्वास ठेवत नाहीत, जाडीवर ठेवतात.

मग जॉबवर्क सुरू झालं. पीण्यात कुठलीच वस्तू एका छपराखाली पुरी होत नाही. पाईप एकीकडे कापतात, दुसरीकडे आर्गन वेल्डिंग, तिसरीकडे टर्निंग, चौथीकडे पावडर कोटिंग. प्रत्येक दारात डिलिव्हरी चलन, आणि चलनावर मालाचं वर्णन. काकांनी लिहिलं, ‘मास्ट रेझिंग असेंब्ली’. सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे चौकातल्या हायमास्ट दिव्याचं काम आहे. एकाने टेंडर कुठल्या वॉर्डाचं म्हणून विचारलं, दुसऱ्याने बिल कधी पास होणार याची काळजी केली. काकांनी खुलासा केला नाही. उलट हायमास्टवाल्याच्या गोडाऊनमधून एक जुनं विंच उचलून आणलं. त्या दिव्यांचं चाकसुद्धा तारेवर, विंचानेच खाली-वर होतं. होडीसाठी ते अर्थातच पाचपट मोठं होतं.

टर्निंगवाल्याकडचा संवाद मी स्वतः ऐकला. पितळी बुशाचं चित्र बघून तो म्हणाला, “एष्टु पीस, सार?”

“ओंदे.”

एकच म्हटल्यावर त्याने जरा विचार केला. “तिंगळिगा?” म्हणजे महिन्याला का?

“जन्मक्के!” काका म्हणाले. जन्मात एक.

त्याने काकांना खुर्ची दिली, बाय-टू कॉफी मागवली आणि बुश फुकट करून दिला. पीण्यात एका नगाची ऑर्डर घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्याला फार मान आहे. तो गिऱ्हाईक नसतो, पाहुणा असतो.

शेडमध्ये पहिली चाचणी झाली. काठी निम्म्यावर आली आणि अडली. उजवी-डावीकडे कलू नये म्हणून लावलेल्या दोन्ही तारा सतारीसारख्या ताणल्या होत्या. तरुणाचं तोंड उतरलं. काकांचं उजळलं. ते गुडघ्यावर बसले, एका तारेवरून बोट फिरवत खालच्या कडीपर्यंत आले, तिथून पट्टी बिजागरीच्या रेषेत धरली.

“अक्ष चुकलाय. बिजागरीची पिन इथे, आणि आपल्या कड्या चार इंच खाली, तीन इंच मागे. काठी फिरते एका केंद्रावर, तारा फिरतात दुसऱ्यावर. मग ताणणारच की!” त्यांनी दोन्ही बाजूंना, नेमक्या पिनेच्या रेषेत, एकेक रिंग आणली. ती हलू नये म्हणून तिला पुढे-मागे आखूड तारांनी डेकशी बांधलं. पुढच्या खेपेला काठी पहिल्या अंशापासून शेवटच्यापर्यंत एकसारखी वर गेली. मग काकांनी तारेचा प्रत्येक क्लॅम्प हाताने तपासला. यू-बोल्टची बाजू कापलेल्या टोकावर, खोगिराची बाजू भार घेणाऱ्या तारेवर. एका पोराने एक उलटा बसवला होता. काका ओरडले नाहीत. त्यांनी तो सोडवला आणि त्याच पोराच्या हातात पाना दिला.

काकांचं असंच गांभीर्य बाहेर रस्त्यावरही दिसलं. तरुणाला फोटोसाठी काठी गल्लीत उभी करायची होती. काकांनी मान वर केली. “अकरा हजार व्होल्ट. आणि काठी ॲल्युमिनियमची. इथे फोटो काढलास तर तो हार घालायलाच लागेल.” होडी निमूट आत आली.

यंदा आयुधपूजेला लेथ, ड्रिल, कंप्रेसर आणि सी.एन.सी.च्या ओळीत होडीही उभी होती. दारात कोहळा फुटला, ट्रेलरच्या चाकांखाली लिंबं आली, डोलकाठीला झेंडूची माळ चढली. मुलगा केबिनच्या काचेतून बघत होता. या सगळ्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं, एवढाच प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता.

तरुणाने त्या दिवशी दिलीप दोंदेंचा विषय काढला. 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून तो त्यांना दैवत मानतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती 56 फुटी होडी बांधली कुणी?” गोव्यात, दिवाडी बेटावरच्या आपल्या यार्डात, रत्नाकर दांडेकरांनी. काका समाधानाने हसले. “दोंदे मोठा माणूस. पण मला दांडेकरांच्या शेडला जाऊन यायचंय.”

होडी अखेर कृष्णराजसागराला गेली. काका गेले नाहीत. पाणी त्यांना आवडत नाही, लोखंडाला गंज धरतो म्हणून. काठी एका माणसाने, एका हाताने उभी केल्याचा व्हिडिओ आला. तो काकांनी आवाज बंद करून, फक्त बिजागरी बघत, पुन्हापुन्हा पाहिला. नवं सामान जुन्यापेक्षा निदान तिप्पट जड आहे, त्यामुळे होडी पाण्यात दोन बोटं खाली बसते असं तरुण म्हणतो. काकांच्या मते होडीच हलकी आहे, तिचं ते बघणार आहेत.

तेव्हा तुमचंही काही हरवलं असेल, जुन्या मिक्सरचं झाकण, आजोबांच्या छत्रीची कळ, कपाटाची किल्ली, तर पीण्यात शेडवाल्या काकांकडे जरूर जा. काम चोख होईल, तुमच्या नातवंडांना पुरेल. फक्त दोन पथ्यं पाळा. कधी मिळेल, असं विचारू नका. आणि जे हरवलेलं नाही, ते घरी ठेवून जा. नाहीतर तेही ते नवीन करून देतील.