पाच एमएमचा स्वाभिमान

गाडी कंपनीनं बनवायची आणि पुरी कोल्हापूरनं करायची, असा एक अलिखित करार आमच्याकडं फार जुना आहे. कंपनी बिचारी वर्षानुवर्षं डोकं खाजवते, कोऱ्या करकरीत गाड्या भिंतीवर आपटून बघते, आत बाहुले बसवून त्यांच्या बरगड्यांचा हिशेब ठेवते. एवढं सगळं सोसून गाडी शोरूममधून बाहेर पडते, अंबाबाईच्या दारात हार घालून घेते, चाकाखाली लिंबू चिरडते आणि तालमीच्या कट्ट्यापाशी येऊन उभी राहते. कट्ट्यावरचा एकजण सावकाश उठतो, पुढच्या बंपरवर बोटानं टकटक करतो आणि निकाल देतो, "गाडी नाद खुळा हाय भावा, पण तोंड प्लास्टिकचं हाय."

झालं. एवढे लाख मोजलेल्या माणसाची त्या रात्री झोप उडते. सकाळी गाडी शिवाजी उद्यमनगरात.

उद्यमनगराला नावं ठेवायची आमची छाती नाही. शेतातली ऑईल इंजिनं आणि गुऱ्हाळांचे चरक दुरुस्त करता करता ते सगळं स्वतःच घडवायला लागलेलं हे गाव. बाबूराव पेंटरांनी विलायती कॅमेऱ्याची वाट बघत बसण्यापेक्षा कॅमेराच इथं जुळवला, आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढं आणला. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ओतलेली कास्टिंगं मोटार कंपन्यांना जातात. अशा गावानं दुसऱ्यानं बनवलेली वस्तू मुकाट्यानं वापरायची म्हणजे वाडवडिलांच्या नावाला बट्टाच की.

तर गाडी मिस्त्रीपुढं उभी राहते. मिस्त्री विडी बाजूला ठेवून विचारतो,

"मालक, किती एमएमचा करू?"

"तुम्हीच सांगा मिस्त्री."

"तीनचा करून घेत्यात ती कालिजातली पोरं. तुम्ही पाचचा करा. रोडरोलर आला तरी वाकायचा न्हाई."

"रोडरोलर कशाला येईल अंगावर?"

"आला तर म्हंतोय मी."

या 'आला तर'वर आमच्याकडची निम्मी फॅब्रिकेशनची दुकानं चालतात.

मग कंपनीचा बंपर खोलला जातो, आणि इथं खरी गंमत आहे. प्लास्टिकच्या मागं एक फोमचा ठोकळा निघतो. त्याच्या मागं आडवी पट्टी, आणि पट्टी चॅसिसला जिथं जोडलेली असते तिथं, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत, पातळ पत्र्याचे दोन डबे. डब्यांना मुद्दाम पन्हळी पाडलेल्या. मिस्त्री फोमचा ठोकळा उचलून सगळ्या दुकानाला दाखवतो. "बगा मालक, थर्माकोल! लाखांची गाडी आनि आत थर्माकोल. पैसं खाल्लं कंपनीनं." मग डब्याला हातोडीनं टोला हाणतो, डबा चेपतो. जमलेली मंडळी हळहळतात. डबा चेपावा म्हणूनच कुण्या इंजिनिअरानं पगार घेतला होता, हे त्या घोळक्यात बोलणाऱ्याला कोल्हापुरात मुलगी मिळणार नाही.

ड्रॉइंग म्हणजे टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर खडूनं रेघा. मग प्लेट कापायची, कोन वाकवायचे, सीओटूनं शिवण मारायची, ग्राइंडर फिरवायचा. वर दीड इंची पाइपची कमान. खाली दोन डी-शॅकल, लालभडक. मध्ये विंच बसवायला खण. हा खण बहुतेक गाड्यांत रिकामाच राहतो आणि पुढं त्यात चिमण्या घरटं करतात, पण ठेवावा लागतो. वर रेड ऑक्साइड, त्यावर मॅट काळा. एअरबॅगच्या सेन्सरची वायर लोंबकळत असेल तर तिला टाय मारून बाजूला बांधायचं. "ते काय न्हाई मालक, असंच असतंय."

आता यातली मौज बघा. हाच मिस्त्री, किंवा त्याचा भाऊ, किंवा त्याचा साडू, दिवसपाळीला कुठल्या तरी मशीन शॉपमध्ये उभा असतो. तिथं केसाच्या जाडीएवढा फरक पडला की माल रिजेक्ट. मायक्रोमीटर लावल्याशिवाय तुकडा पुढं सरकत नाही, लावला की सही करावी लागते. संध्याकाळी तेच हात पुठ्ठ्याच्या मापावर चॅसिसला होल पाडतात आणि तेच डोळे एक बारीक करून म्हणतात, "लेव्हलमध्ये हाय." कंपनीला सुटा भाग पाठवताना आम्ही जर्मन असतो, आणि कंपनीचा सुटा भाग काढून फेकताना कोल्हापुरी.

थोडं गणित करू. ७.८५ हा आकडा उद्यमनगरात शाळा सोडलेल्या पोरालाही पाठ असतो. लांबी-रुंदी मीटरमध्ये, जाडी एमएममध्ये, गुणिले ७.८५, की प्लेटचं वजन किलोत. म्हणजे पाच एमएमची एक चौरस मीटर प्लेट ३९.२५ किलो. बंपरला दीड चौरस मीटर लागली तरी एकोणसाठ किलो झाले. त्यात पाइप, पट्ट्या, शॅकल आणि खरोखरच विंच बसवला तर शंभरीच्या आसपास. हे सगळं पुढच्या चाकांच्याही पुढं लोंबणार. स्प्रिंगा बसतात, हेडलाइट रस्ता सोडून स्वतःच्याच चाकांपुढं उजेड पाडतात, ॲव्हरेज घटतं, ब्रेक उशिरा लागतो. बिल मात्र किलोवर, लेबर धरून. मटणाचा किलोचा दर चढला म्हणून २०१९ साली रस्त्यावर उतरलेलं हे शहर. बंपरच्या बाबतीत मात्र गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, आणखी दहा किलो टाका.

गाडी जितकी कठीण तितका माणूस सुरक्षित, हा समज काही कोल्हापूरचा एकट्याचा नाही. दसऱ्याला राजघराण्याची ती जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, ती घडली त्या १९३०च्या दशकात जगभर हेच मानत होते. मग मर्सिडीजमधल्या बेला बरेनी नावाच्या इंजिनिअरानं १९५१ साली एका उलट्या कल्पनेचं पेटंट मागितलं: माणसं बसतात तो भाग मजबूत ठेवा, नाक आणि शेपूट मात्र चेपू द्या. १९५९ पासून त्या कल्पनेच्या गाड्या रस्त्यावर आल्या. हिशेब साधा आहे. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी ठोकली आणि नाक ६० सेंटिमीटर चेपत थांबली, तर आतल्या माणसाला सरासरी स्वतःच्या वजनाच्या सोळा पट धक्का बसतो. पट्टा लावला असेल तर माणूस वाचतो. तीच गाडी १० सेंटिमीटरात थांबली तर धक्का अठ्ठ्याण्णव पट. बंपर शाबूत, शॅकल शाबूत, रंगाला ओरखडा नाही. आतल्या माणसाची चौकशी मात्र सीपीआर रुग्णालयात करायची.

एअरबॅगची गोष्ट तर आणखी नाजूक. गाडीचा वेग किती झपाट्यानं उतरतोय हे बघून ती सेकंदाच्या काही शतांशांत ठरवते, फुगायचं की नाही. तो अंदाज कंपनीनं आपल्या नाकाच्या चेपण्यावरून बांधलेला असतो. नाकच बदललं की अंदाज चुकतो. नको तेव्हा फुगेल किंवा हवी तेव्हा उशीर करेल. तेही एक वेळ सोडा. रस्त्यानं चालणारा माणूस बघा. प्लास्टिक आणि फोम त्याच्या पायांसाठीही असतात. पाच एमएमची कड मोठ्या माणसाच्या मांडीला लागते आणि पोराच्या छातीला. युरोपनं २००५ साली असल्या गार्डना पादचाऱ्यांच्या दृष्टीनं चाचण्या लावल्या. ऑस्ट्रेलियात कांगारू आडवे येतात म्हणून तिथं गार्ड चालतात, पण त्यांनाही मानक आहे. आमच्याकडं कांगारू नाहीत. आमच्याकडं शाळा सुटते.

मग हा बंपर लागतो कुणाला? खरा चिखल तुडवणारे थोडे लोक आहेत, पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला रुतलेली गाडी ओढायला त्यांना भक्कम हुक लागतो, उताराच्या तोंडाशी नाक घासू नये म्हणून आखूड बंपर लागतो. त्यातले शहाणे चॅसिसचे डबे शाबूत ठेवून काम करून घेतात. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण २०२० साली आलेली थार जशी शोरूममधून निघते तशीच ४१.८ अंशांच्या चढाला नाक न लावता भिडते. राजारामपुरीतला सगळ्यात अवघड चढ म्हणजे नगरसेवकानं घातलेला स्पीडब्रेकर.

"गवा आला तर?" हा दुसरा युक्तिवाद. दाजीपूरच्या रस्त्याला गवा येतो, कबूल. १९५८ पासून ते त्याचं अभयारण्य आहे, आपणच त्याच्या अंगणातून जातो. पूर्ण वाढलेला नर टनाच्या घरात जातो. त्याला धडकल्यावर बंपर टिकेलही, पण तो बोनेटवरून काचेतून आत आला तर त्याला चहा विचारण्यापलीकडं पाच एमएमची प्लेट काही करू शकत नाही.

आणि आमचा खरा शत्रू तर वेगळाच आहे. कारखान्याचा हंगाम लागला की रात्री रस्त्यात उसाची ट्रॉली उभी असते. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, टेपवर मात्र गाणं जोरात. उसाची कांडी बाहेर आलेली असतात ती नेमकी काचेच्या उंचीला. बंपरच्या चांगली दोन-अडीच फूट वर. म्हणजे ज्या एका गोष्टीपासून कोल्हापूरकराला संरक्षण हवं, तिच्या खालून त्याचा बंपर अभिमानानं निघून जातो. त्यावर इलाज म्हणजे ट्रॉलीच्या मागं दोन लाल पट्ट्या चिकटवणं. पण त्या किलोवर मिळत नाहीत, त्यामुळं त्यात कुणाला रस नाही.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, कंपनीनं दिलेल्या गाडीत मनमानी फेरफार नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना पत्र धाडलं की हे क्रॅश गार्ड, बुल बार बेकायदा आहेत, कारवाई करा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचनेत बदल चालणार नाही म्हणून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दर एका फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दर एका फेरफाराला! म्हणजे बंपर पाच, वरची लाइटपट्टी पाच, रुंद टायर पाच. आमच्या काही गाड्या दंडाच्या हिशेबात शोरूमच्या किमतीला गाठतील. पण ज्या शहरानं आंदोलन करून टोल घालवला त्याला पावतीचं भय कुणी घालायचं? सरकारी पाटीच्या गाड्यांच्या नाकावरही असल्या पाइपा शोधल्या तर अजून सापडतील. गिऱ्हाईक तेवढ्यावर खूश. शिवाय कंपनीचा मूळ बंपर माळ्यावर जुन्या गादीत गुंडाळून ठेवलेला असतोच. गाडी विकायच्या दिवशी, किंवा विम्याचा माणूस यायच्या आदल्या रात्री, तो खाली उतरतो. आठ बोल्टांचा प्रश्न.

सध्या धंद्यात नवीन लाट आली आहे. पुढचे बंपर एवढे वाढले की पार्किंगमध्ये मागची दारं चेपायला लागली. ज्यांची चेपली ते मागचा बंपर करून घ्यायला येतात. तोही पाचचा. मग सहाचा, कारण पुढचा पाचचा आहे. परवा एक गाडी अशी पुढून-मागून पोलादात बसवून झाली, मालकानं पैसे मोजले, किल्ली हातात घेतली. मिस्त्रीनं गाडीभोवती एक फेरी मारली, कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाला,

"मालक, साइडनं कोन आला तर?"

मालकानं किल्ली परत दिली. पोरगं पुठ्ठा शोधायला गेलं आहे.